ह्यात तुझं कुठलं?

"ह्यात तुझं कुठलं?" दोड्डप्पांनी विचारलं, आणि दाखवायला म्हणून उचललेलं शांभवीचं बोट हवेतच राहिलं. सीडी लागून काही मिनिटं झाली होती. शाहूपुरीत खाली गुळाची अडत आणि वर घर. त्या वरच्या बैठकीत सकाळपासून माणसं येऊन बसली होती. ऑस्ट्रियाहून आलेलं पाकीट तिच्या वडिलांनी, अप्पांनी, सगळ्यांदेखत फोडलं होतं. सीडीच्या पुठ्ठ्यावर वाद्यवृंदाचा फोटो होता. तीस देशांतली शंभरावर पोरं, सगळी काळ्या कपड्यांत. त्यात तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून दिसणारा तिचा चेहरा अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून शोधून काढला होता, आणि मग तो पुठ्ठा हातोहात फिरला होता. "ही बघा. कुंकू लावल्यालं दिसतंय का? हीच." चेहरा सापडला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं होतं. आता आवाज सापडायचा होता. आपल्याला तो लगेच दाखवता येईल अशी शांभवीची खात्री होती. संथ भागात व्हायोला, म्हणजे तिचं वाद्य, कुठे शिरतात ते तिला झोपेतही ठाऊक होतं. ती जागा जवळ आली तसं ती म्हणाली, "आता बघा हं, आता येतंय." आणि ते आलंही, वरच्या सुरांच्या पोटाखालून काहीतरी सरकून गेलं, तपकिरी रंगाचं, ऊबदार. पण त्यात ती नव्हती. म्हणजे असणारच. पण बसून बसून बधिर झालेल्या पायाला हात लावावा आणि तो दुसऱ्याचाच वाटावा, तसं तिला झालं. तिने कान देऊन ऐकलं. दहा व्हायोला होत्या. त्या दहांतली आपली ओळखू येत नाही, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"सगळ्यात हाय की, दोड्डप्पा," ती म्हणाली.

"सगळ्यात म्हंजे कुठं?"

"मागं. जरा खाली."

दोड्डप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, बसवराज मिठारी. अडतीवर आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, आणि तेच अवघड होतं. "आपल्याकडं एका सौद्याला शेकड्यानं गुळाच्या ढेपा, रवे येत्यात," ते म्हणाले. "त्यातला कुठला मुरगूडकडचा अन् कुठला कुणाचा, ते मी नुसता हात लावून सांगतो. तुला तुझं सांगता येईना?" बैठकीतले दोघेतिघे हसले. अप्पाही हसले, पण त्यांनी उठून आवाज थोडा वाढवला. जणू आवाज वाढवला की मुलगी वर येईल. आली नाही. तिची आई, अव्वा, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने चहाचे कप गोळा करायला सुरुवात केली.

हे फक्त हसण्यावारी जाणारं असतं तर शांभवीने ते विसरूनही टाकलं असतं. पण त्याच ऑस्ट्रियातल्या एका संगीतशाळेने तिला सप्टेंबरपासून दोन वर्षं शिकायला बोलावलं होतं, आणि दोड्डप्पांनी अजून हो म्हटलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात, दोन हजार तीन साली, त्यांनी तिला वाद्यवृंदाबरोबर जाऊ दिलं ते अप्पांनी "शिबिरासारखंच असतंय" असं सांगितलं म्हणून. दोन वर्षं म्हणजे शिबिर नव्हे. दोन वर्षांत मुलगी बावीसची चोवीसची होते. त्या दिवशी माणसं गेल्यावर ते जिन्याकडे जाता जाता थांबले आणि म्हणाले, "म्हंजे दोन वर्षं शिकायचं, अन् शिकून परत मागंच बसायचं. ऐकायला यायचं न्हाय ते न्हायच." तिने सीडी काढून पुठ्ठ्यात घातली. घालताना सीडीच्या चकचकीत पाठीवर बैठकीतली ट्यूबलाइट वाकडी झालेली दिसत होती. खरं तर तिला दोड्डप्पांचा राग यायला हवा होता. पण तिला राग येत होता तो त्या तबकडीचा, आणि तबकडीत शिरून दडून बसलेल्या त्या दुसऱ्या शांभवीचा.

कारण तिकडे नेमकं उलटं झालं होतं. तिकडे ती ऐकू येत होती, आणि तेच चुकलं होतं. वेगवेगळ्या गावांत कार्यक्रम झाल्यावर शेवटी एका जुन्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रण होतं. उंच छत, थंड दगड, दोरीने टांगलेले माइक, आणि खांबावर एक लाल दिवा. तो लागला की खोकायचंही नाही. बाहेरून विमान गेलं की पुन्हा पहिल्यापासून. छताशी एक पारवा घुमत होता. त्याला हाकलायला दोन माणसं लांब काठी घेऊन फिरत होती आणि शंभर पोरं वाद्यं मांडीवर धरून वर बघत होती. वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टर म्हणजे पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई होत्या. (अव्वाला फोनवर "कंडक्टर रागावल्या" असं सांगितलं तर ती म्हणाली होती, "सुट्टे नव्हते काय तुझ्याकडं?") त्या बाईंनी संथ भाग मध्येच थांबवला, व्हायोलांकडे पाहिलं, आणि तिच्याकडे हात करून अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला तू ऐकू येतेस." इंग्रजीतले ते तीन-चार सोपे शब्द. आधी शांभवीला ती शाबासकी वाटली. ती हसली. मग शेजारी बसलेल्या नीनोने तिच्या बुटाला हळूच बूट लावला, आणि सगळ्या रांगा तिच्याकडे बघतायत हे तिला दिसलं. नीनो जॉर्जियाची, दोघींचं नोटेशनचं स्टँड एकच, पान उलटायचं काम नीनोचं. त्या रात्री जेवताना नीनोने आपल्या मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं होतं, "तुझा आवाज चांगला आहे. पण तू त्याला सारखी बघत बसतेस." शांभवी जेवण टाकून उठली होती. खोलीत जाऊन तिने पेटी उघडली आणि नुसतीच बंद केली. कोल्हापुरातून इतक्या लांब आलो ते ऐकू न येण्यासाठी? मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत बाळासो मास्तरांनी वर्षानुवर्षं काय शिकवलं होतं? "सूर असा काढ की रस्त्यावरचं माणूस थांबलं पाहिजे."

बाळासो मास्तर पूर्वी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे. स्टुडिओ थंडावल्यावर ते पोरांना शिकवू लागले. नऊ वर्षांची शांभवी तिथे गेली ती संध्याकाळी घरात नुसती बसून राहते म्हणून. मास्तर आडव्या रेघांवरचं विलायती नोटेशन फळ्यावर काढत, आणि त्याच खडूने पोरांच्या हाताच्या उलट्या बाजूला खुणा करत. त्यांच्याकडून ती पुण्याच्या शिक्षकांकडे गेली, तिथून मुंबईला वाद्यवृंदाच्या निवडीला. तिथे परीक्षक म्हणाले, व्हायोलिनच्या जागा भरल्या, व्हायोलाला माणसं कमी आहेत, तुझे हात लांब आहेत, वाजवशील का? व्हायोला म्हणजे व्हायोलिनच्या घरातलीच, अंगाने थोडी थोराड, आवाजाने खालची, घोगरी. ती हो म्हणाली. विचार न करता, हावरटासारखी हो म्हणाली. मास्तरांना सांगायला गेली तेव्हा ते बनियनवर बसून बोच्या, म्हणजे गजाच्या, केसांना राळ लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "म्हंजे मधलं," ते म्हणाले. "गाणं वर असतंय, ठेका खाली असतोय, त्याच्या मधलं. तुला मी वरचं शिकवलं होतं, पोरी." त्यांनी आशीर्वाद दिला, पण त्यांचा हात तिच्या डोक्यावर जेमतेम टेकला.

चर्चमधल्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. लाल दिवा लागला. ती वाजवू लागली, आणि आपल्या गजाकडे न पाहता नीनोच्या गजाकडे पाहू लागली, मग पुढच्या दोघांच्या, मग कुणाच्याच नाही. कुठल्या तरी क्षणी हनुवटीखालचं लाकूड थरथरत होतं, पण तो आवाज तिथून येत आहे की डावीकडून की छतातून ते कळेना. ती घाबरली. गर्दीत आईचा हात सुटावा तशी घाबरली. आणि तरी वाजवत राहिली, आणि मग ते भय कसं कोण जाणे मोठं मोकळं झालं. त्या सबंध आवाजाला जणू तिचीच फुप्फुसं होती. दिवा विझला. बाईंनी कुणालाच काही म्हटलं नाही, फक्त पान उलटलं. ते, ते त्या सीडीत होतं. दोड्डप्पांनी बोट ठेवून विचारलं ते नेमकं तेच होतं, आणि तेच दाखवता येत नव्हतं. आणि आता शाहूपुरीत, गुळाच्या वासात बसून, ते आपलं मनाचंच होतं की काय असं तिला वाटू लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात सयाजी आले. सयाजी वॉर्डाचे नगरसेवक. पांढरा शर्ट, मागे दोन कार्यकर्ते. अप्पांनी खुर्ची पुढे केली. "ताई, आपल्या वॉर्डातनं फॉरेनला वाजवून आल्याली तू पहिलीच," ते म्हणाले. "दणक्यात सत्कार करायचा. नाट्यगृह घेतलंय रविवारी सकाळचं. अन् नुसता सत्कार न्हाय, तू वाजवायचंस."

"एकटीनं वाजवायचं ते न्हाय हे," शांभवी म्हणाली. "शंभर जणांचं असतंय."

"मग सोपं हाय की. सीडी लावू डॉल्बीवर. तू पुढं हुभी ऱ्हा अन् हात हलव. शंभर जणांचं वाजतंय, तू दिसत्यास. कुणाला कळतंय?"

कार्यकर्त्यांनी माना हलवल्या. शांभवीने अप्पांकडे पाहिलं. अप्पांना ती युक्ती आवडली होती. ते दोड्डप्पांकडे बघत होते, आणि त्यांचा हिशेब तिला चेहऱ्यावर वाचता येत होता. सगळं गाव टाळ्या वाजवेल, दोड्डप्पा पहिल्या रांगेत असतील, आणि मग सप्टेंबरचं आपोआप होऊन जाईल. ती नुसती हो म्हणाली असती तरी झालं असतं. नाहीतरी त्या सीडीत ती होतीच. खोटं काहीच नव्हतं. आणि तरी तिने मान हलवली.

"हात हलवणार न्हाय," ती म्हणाली. "वाजवायचं तर वाजवीन. माझ्या वाट्याचं जेवढं हाय तेवढंच वाजवीन."

"म्हंजे कसलं?" सयाजी म्हणाले. "एखादं लोकांना कळंल असं गाणं घे की मग."

"न्हाय."

दोड्डप्पा पुढे वाकले. "वाजवू दे तिला काय वाजवायचं ते," ते म्हणाले. "आपल्याला बी कळंल एकदा, काय हाय अन् काय न्हाय ते." त्यात परवानगी होती की पैज, ते शांभवीला समजलं नाही. पण तिला पैज वाटली, आणि बरं वाटलं.

मग ती रोज गच्चीवर वाजवायला बसू लागली. एकटीने वाजवताना त्या संथ भागातलं तिचं सगळं उघडं पडत होतं. दोन सूर, पुन्हा तेच दोन सूर, एक लांबलेला उसासा, मग रेस्ट. रेस्ट म्हणजे न वाजवता मनात मोजत थांबायची जागा, आणि त्या भागात अशा जागा किती होत्या हे तिला आता कळत होतं. खाली रस्त्यावर ट्रकमधून गूळ उतरत होता, हमालांच्या हाका येत होत्या, आणि ती हात खाली घेऊन मोजत उभी असे. एकदा अव्वा तांदळाचं ताट घेऊन निवडायला येऊन बसली. बराच वेळ ऐकून म्हणाली, "हे अर्धंच वाटतंय."

"अर्धंच हाय, अव्वा. अर्ध्याहून कमी."

"मग लोकास्नी काय देणार?"

"हेच."

अव्वाने एक खडा उचलून गच्चीबाहेर टाकला. "तुझ्या दोड्डप्पांस्नी मी काय सांगू शकत न्हाय," ती म्हणाली. "पण हसतील सगळी. ते तुला चालंल का?" चालणार नव्हतं. हसण्याच्या नुसत्या कल्पनेनेही तिच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. एखादी धून घ्यावी, मास्तरांनी शिकवलेली, वरची, झळझळीत. टाळ्या घ्याव्यात, सप्टेंबरला जावं. कितीदा तरी तिने ती धून मनात सुरूही केली. पण तसं केलं तर चर्चमध्ये जे झालं होतं ते झालंच नव्हतं असं होणार होतं, आणि ते नाकारून तिथे शिकायला तरी काय म्हणून जायचं?

रविवारी सकाळी नाट्यगृह भरलं. मंडळाची पोरं, पेठेतल्या बायका, अडतीवरची माणसं, गडमुडशिंगीहून टेम्पोने आलेलं अव्वाचं माहेर. पंखे गरगरत होते आणि तरी एप्रिलचा घाम सगळ्यांच्या पाठीवर होता. बाळासो मास्तर पहिल्या रांगेत टोकाला होते, इस्त्रीचा कोट घालून. भाषणं झाली. "आता शांभवीताई आपल्याला सिंफनी वाजवून दाखवतील," असं सयाजींनी सांगितलं. ती उठली, माइकपाशी गेली आणि म्हणाली, "हे पूर्ण नाही. शंभर जणांत माझ्या वाट्याला जे येतं तेवढंच मी वाजवणार आहे. मधे मी थांबेन तेव्हा दुसरे वाजवत असतात. ते इथं नाहीत." तिने व्हायोला हनुवटीखाली घेतली आणि सुरुवात केली.

दोन सूर. पुन्हा तेच दोन सूर. मग पहिली रेस्ट. ती हात खाली घेऊन मोजू लागली. मागून कुणीतरी अगदी स्पष्ट आवाजात म्हणालं, "सुरू झालं का अजून जुळवायलीया?" आणि हशा उसळला. तो हशा तिच्यापर्यंत आला. ती मोजत राहिली. तिची जागा आली, तिने बो टेकवला. सूर हलकाच होता, नोटेशनमध्ये हलकाच लिहिला होता, आणि हशा अजून पुरता विरला नव्हता. त्याच्या खालून तो गेला आणि कुणाला ऐकू आला नाही. विंगेतून सयाजी हाताने वर, वर करत होते. "मोठ्यानं, ताई." माइकवाला वाकत पुढे आला आणि त्याने माइक थेट वाद्याच्या तोंडाशी आणला. ती एक पाऊल मागे सरकली. त्याने पुन्हा माइक पुढे घेतला. तिने वाजवता वाजवता मान हलवून नको म्हटलं, आणि अशा नजरेने की तो माइक घेऊन निघून गेला. आता जेवढं होतं तेवढंच. ज्याला ऐकायचं त्याने गप्प बसावं. मागच्या रांगांतली पोरं उठून बाहेर जाऊ लागली, खुर्च्यांची फळकुटं फटाफट मिटली. तिला राग आला होता, स्वच्छ, गार राग, आणि त्या रागात हात अगदी स्थिर चालत होता. आणि मग डावीकडे नीनोचा श्वास आला. तो आठवला असं म्हणणं खोटं ठरेल, तो आला. मागून खर्जातली मोठी बेस वाद्यं आली, वरून बासरी. रेस्टमध्ये ती थांबली की ते सगळे तिच्याभोवती वाजत होते, इतके स्पष्ट की सीडीतही इतके नव्हते. तिला शोधायला निघालेल्या त्या सगळ्या माणसांसमोर ती उभी होती, उघडी, एकटी, आणि तरी तिच्यातून त्या शंभरांना वेगळं काढायची कुणाचीच ताकद नव्हती.

पुढच्या काही रांगा गप्प झाल्या होत्या. का, ते तिला माहीत नव्हतं. कदाचित नुसत्या कुतूहलाने. मास्तर खाली मान घालून बसले होते. दोड्डप्पांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. मग तिचा शेवटचा सूर आला, लांब, झिजत जाणारा, आणि संपला. व्हायोलांचं तिथे संपतं. संथ भाग मात्र संपत नाही. पुढे बराच वेळ दूरवर शिंगं वाजत राहतात. तिने वाद्य हनुवटीखालून काढलं नाही. बो तारांच्या वर धरून ती उभी राहिली. कुठेकुठे टाळ्या पडल्या आणि संकोचून थांबल्या. सयाजी शाल उलगडून, नारळवाल्या पोराला मागे घेऊन, तरातरा मंचावर आले आणि तिच्यापाशी येऊन उभे राहिले. ती जागची हलली नाही.

"झालं न्हवं, ताई?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"न्हाय," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "माझं झालंय. त्यांचं चाललंय."

सयाजींनी प्रेक्षागृहाकडे पाहिलं, विंगेकडे पाहिलं. पुढे यावं की मागे जावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते उभे राहिले. दोन्ही हातांत पसरलेली शाल घेऊन, सबंध वॉर्डासमोर, जे त्यांना ऐकू येत नव्हतं ते संपायची वाट बघत उभे राहिले. दोड्डप्पा निघायला म्हणून अर्धवट उठले होते. तेही परत खुर्चीवर टेकले. नाट्यगृहात फक्त पंख्यांचा आवाज राहिला. शिंगं एकेक करून थांबली. मग तिने बो खाली घेतला आणि शाल घ्यायला मान वाकवली.

बाहेर उन्हात गाडीपाशी चौघं जमली. मास्तर तिला येऊन भेटले होते; तिचे दोन्ही हात क्षणभर हातात धरून निघून गेले होते. अप्पा घाम पुसत होते. त्यांनी लावलेला हिशेब चुकला होता आणि ते अडतीवर भाव पडल्यासारखे दिसत होते. दोड्डप्पांनी गाडीचं दार उघडलं, पण आत बसले नाहीत.

"लोकं हसली," ते म्हणाले.

"व्हय. ऐकलं मी."

"मला तर त्यातलं काय बी कळलं न्हाय. खोटं कशाला बोलू. अन् मी अजून जा म्हणल्यालं न्हाय तुला."

"म्हणू नका," शांभवी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सपाट आला. "तुम्ही म्हणावं म्हणून मी वाजवलं न्हाय, दोड्डप्पा. मी सप्टेंबरला जाणार हाय. हो म्हणला तर तुमच्या पाया पडून जाईन. न्हाय म्हणला तरी पाया पडूनच जाईन."

अप्पांनी पटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. अव्वा पुढे होऊन मागच्या सीटवर बसली, आणि शांभवीसाठी सरकून जागा केली. दोड्डप्पा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, सौद्यात एखादा माल परत परत न्याहाळावा तसे. मग ते पुढे बसले, आणि अप्पांनी गाडी सुरू केली. त्यांचा होकार आला नव्हता. तो पुढेही कधी आला नाही, आणि सप्टेंबरात ती निघाली तेव्हा ते अडतीवरून वर आले नाहीत, तीच खाली गेली. पण ते पुढचं. त्या दिवशी गाडी दसरा चौकापर्यंत आली तरी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. शांभवीच्या मांडीवर पेटी होती, काखा घामाने भिजल्या होत्या, बोटांची टोकं ठणकत होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिला सपाटून भूक लागली होती. कुठेतरी थांबून काहीतरी खाऊया, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.